साडेसात किलो

काटा तोच आहे.
रत्नागिरीला जाताना बॅग अडकवून उचलायचा तो, स्प्रिंगचा.
तीसपुढची लाल रेघ मीच मारलेली, नेलपॉलिशनं.
दुधाची पावडर काढ, बदाम काढ,
भाच्याचे बूट आपल्याच पायात घाल,
असं चालायचं पहाटे तीनपर्यंत.

आता शुक्रवारी रात्री त्याच आकड्याला सॅक लटकते.
चार लिटर पाणी म्हणजे चार किलो, त्यात घासाघीस नाही.
उरलेल्या साडेतीनात बसवायचं सगळं:
डोक्याला बांधायचा दिवा, क्रेप बँडेज,
ओआरएसची सहा पाकिटं, दोन धपाटी, मूठभर आमसुलं.
मारिसेल म्हणाली, टूथब्रशचा दांडा काप.
कापला. अकरा ग्रॅम.
हसू नका.

बावन्नाव्या वर्षी लागलं हे.
लॅबमध्ये जन्मभर दुसऱ्यांची साखर मोजली,
एक दिवस माझीच निघाली, उपाशीपोटी एकशे नव्वद.
आधी कॉर्निशवर चालले, खजुराची झाडं मोजत,
मग जोबिनच्या गाडीतून घलीलाच्या वादीत उतरले
आणि पहिल्याच दिवशी अंगठ्याचं नख गेलं.

वही आहे. तारीख, वादी, किलोमीटर, चढ, फोड.
'फोड' हा रकाना हल्ली रिकामाच असतो.
बेरीज खाली ओढत न्यायची, वाण्याच्या खात्यासारखी.
शंभर भरले तेव्हा नकाशावर पट्टी ठेवली,
रास अल खैमा ते रत्नागिरी, सरळ रेघेत
दोन हजार आणि वर थोडे.
बघते तर पन्नासालाच जमीन संपलेली.
मला कळलंही नव्हतं.

आज वरच्या पठारावर मुसब्बह भेटला.
हातात त्यांची ती बारक्या पात्याची कुऱ्हाडकाठी, पायात रबरी चपला.
मोडक्या अरबीत विचारलं, खालपासून इथवर किती किलोमीटर?
त्यानं आधी उन्हाकडं बघितलं, मग माझ्या बुटांकडं.
"माझी आई पाण्याची मशक घेऊन चढायची," म्हणाला,
"दोनदा थांबून."
किलोमीटरच्या रकान्यात तेच लिहिलं. दोन थांबे.

मग दाखवलं ते दगडी घर,
अर्धं जमिनीत, दार माझ्या कमरेएवढं.
आत टॉर्च मारला तर रांजण. दारापेक्षा रुंद.
"आधी रांजण ठेवायचे, मग भिंती.
ते बाहेर येत नाहीत, म्हणून चोरीला जात नाहीत."
उन्हाळ्यात धान्य आत, दाराला कुलूप,
आणि सगळा गाव खाली, खजुराला, मासळीला,
हात हलवत.

मी ओणवी होऊन बघत राहिले.
वहिनीच्या काचेच्या कपाटातला डिनरसेट आठवला.
सहा खेपांत नेलेला, सुटा सुटा,
प्रत्येक बशी माझ्या साडीत गुंडाळून.
अजून कुणी त्यात जेवलेलं नाही.
मुसब्बहनं विचारलं, पाणी हवंय का?
माझ्या पाठीवर दीड लिटर शिल्लक होतं.
तरी घेतलं.

उतरताना डावा गुडघा बोलायला लागला.
मारिसेल पुढं, तिच्या काठ्यांची टकटक,
जोबिन मागं, कुठलीशी शाळेतली प्रार्थना गुणगुणत.
एक बकरी बराच वेळ आमच्याबरोबर आली, मग कंटाळली.

रात्री पाय मिठाच्या पाण्यात, वही मांडीवर.
अकराशे बेचाळीस, अधिक दोन थांबे.
वहीप्रमाणे मी आता समुद्रात आहे.
मागं मस्कतचे दिवे दिसत नाहीत,
पुढं रत्नदुर्गाचं दीपगृह नाही,
थांबायला दगड नाही, टेकायला बाभूळ नाही.
भीती वाटायला हवी होती.
मी नखं कापली.

काटा परत खिळ्याला टांगला.
तो कधीच पुरता शून्यावर येत नाही,
काही न लटकवताही
दोनशे ग्रॅम दाखवतो.